वऱ्हाडातील गृहबांधणी : ऊन, काळी माती आणि घरखर्च

(मंडळाच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात जठारपेठ, अकोला येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘घरबांधणी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही त्यांना एवढेच विचारले की, घर बांधून झालेल्यांशी बोलायचे की बांधणाऱ्यांशी? त्यांनी उत्तर दिले, ‘दोघांशीही.’ ते उत्तर योग्यच होते. ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांच्या मुलांना उद्या त्याच घरावर दुसरा मजला चढवायचा आहे, आणि ज्यांचे व्हायचे आहे त्यांनी आज येथील कोणाच्या तरी घराचा नमुना डोळ्यांपुढे ठेवलेला आहे.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांत घर हे आयुष्यात एकदाच बांधले जाते. कोणी भविष्यनिर्वाह निधी काढतो, कोणी वडिलोपार्जित शेतातील दोन एकर विकतो, कोणी बँकेचे वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो. ठेकेदाराशी चौरस फुटाचा दर ठरवताना आपण पाच-पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. तथापि, हे घर उभे राहिल्यावर दरमहा आपल्याकडून काय मागणार आहे, हा प्रश्न नकाशा पसंत करताना आमच्या पाहण्यात शंभरांतील पाच जणही विचारीत नाहीत. फरशी कोणती, पुढच्या बाजूला काच किती, फाटकाची नक्षी कशी, यांवर घरातील मंडळींच्या चार-चार बैठका होतात. वैशाखात वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री अकरा वाजता माणसाला झोप लागेल काय, यावर एकही होत नाही.

आणि त्या वरच्या खोलीत झोपते कोण? थोरला मुलगा व सून नव्या घरात खालच्या खोलीत, पाहुण्यांसाठी दर्शनी भागातली एक खोली राखीव, आणि वृद्ध आईवडील वर, असे चित्र अनेक घरांत दिसते. २०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लागू करावे लागले होते. कामगारांना पाणी व पंखे पुरवावेत, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नयेत, असे त्या आदेशात होते. पारा तेव्हा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला होता. ‘घराबाहेर पडू नका’ असे सरकार सांगते, ते बरोबरच आहे. परंतु ज्याचे घरच दुपारी भट्टी होते त्याने जावे कोठे? आमच्या मते घरबांधणीचा खरा प्रश्न हा आहे, आणि आजचे आमचे सारे बोलणे त्याच्याभोवतीच राहील.

आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. आपले पूर्वज पेरणी काळीत करीत आणि घर पांढरीवर बांधीत, कारण काळी जमीन स्थिर नसते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शहर वाढले तशी ही विद्या मागे पडली. सांप्रत अकोल्याच्या चहूबाजूंना जे लेआऊट पडत आहेत ते बव्हंशी कालपरवापर्यंत कपाशी-तुरीची शेते होती. म्हणजे आपण आता काळीवर घर बांधीत आहोत, पण पाया मात्र पांढरीच्या हिशेबाने घालीत आहोत. नव्या घराला तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते ती याचमुळे. लोक गवंड्याला दोष देतात. गवंडी बिचारा जमिनीच्या वर काम करतो, दोष खाली असतो.

म्हणून पहिला पैसा जमिनीखाली घालावा. ज्या ठिकाणी चार-सहा फुटांवर पक्का मुरूम लागतो तेथे काळी माती संपूर्ण काढून पाया मुरमापर्यंत नेणे हेच उत्तम. जेथे काळी माती खोल आहे तेथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्या देशातील अशाच जमिनींसाठी विकसित केलेली खांबांच्या पायाची पद्धत उपयोगी पडते. यात जमिनीत यंत्राने भोक पाडून त्याच्या तळाशी कांद्यासारखा फुगवटा कोरतात व काँक्रीट भरतात. असे खांब साधारणतः साडेतीन मीटर खोल जातात. त्या खोलीवरची माती ऋतुमानाप्रमाणे फारशी हलत नाही, आणि फुगवट्यामुळे खांब जागचा उचलला जात नाही. खांबांवर जी तुळई येते तिच्याखाली थोडी पोकळी सोडावी लागते, जेणेकरून माती फुगली तरी तुळईला ढुशी देणार नाही. ही पोकळी ठेकेदार हमखास बुजवून टाकतो, तिच्यावर लक्ष ठेवावे. जोत्यातील भराव मुरमाचाच हवा. खणलेली काळी माती ‘फुकट आहे’ म्हणून पुन्हा आत भरणे म्हणजे शत्रूला घरात जागा देणे होय. शेवटी जोत्याभोवती चहूबाजूंनी तीन-चार फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. पावसाचे पाणी भिंतीच्या मुळाशी न मुरू देणे हे त्या फरसबंदीचे काम. तिचा खर्च किरकोळ, आणि तिच्याअभावी होणारी दुरुस्ती जन्माची.

याच कारणास्तव झाड आणि शोषखड्डा भिंतीला लागून नसावा. कडुनिंबाची सावली आम्हांसही प्रिय आहे. परंतु मोठे झाड उन्हाळ्यात काळ्या मातीतील ओलावा शोषून घेते, आणि त्या बाजूची जमीन बसते. झाड जेवढे उंच होणार तेवढे अंतर सोडावे, असा साधा आडाखा आहे. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर ते शक्य नसते. तेथे झाड रस्त्याच्या कडेला लावावे आणि पश्चिमेच्या भिंतीपुढे तारांच्या मांडवावर मधुमालतीसारखी वेल चढवावी.

जमिनीइतकेच येथील पाणीही समजून घेतले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे, हे आपणांस सांगणे नको. या पट्ट्यातील बोअरचे खारे पाणी पिण्यास नको म्हणून आपण टाळतो, पण तेच पाणी सिमेंटमध्ये कालवताना कोणास काही वाटत नाही. लोखंडी सळईचे काँक्रीट करताना पाण्यातील क्लोराइड दर लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असू नये, असे भारतीय मानक आहे. नुसत्या, बिनसळईच्या काँक्रीटला ही मर्यादा २००० आहे. त्यावरून सळईला क्षार किती घातक हे लक्षात यावे. खाऱ्या पाण्याने केलेल्या स्लॅबमधील सळई आतून गंजते, फुगते आणि काही वर्षांनी छताचे पापुद्रे खाली पडू लागतात. भिंतीला लोणा लागून गिलावा सुटतो तोही बव्हंशी याच पाण्याचा प्रसाद. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत थोड्या पैशांत होते. ती पायाभरणीच्या आधी करून घ्यावी, आणि पाणी खारे निघाल्यास बांधकामासाठी टँकरचे गोडे पाणी घ्यावे. टँकरचा खर्च जड वाटतो खरा, पण स्लॅब पुन्हा घालता येत नाही.

मुहूर्ताविषयी येथे एक शब्द बोलू, ज्येष्ठांनी राग मानू नये. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करण्याची आपल्याकडे चाल आहे. ती चालू ठेवावी, कुदळ लावावी, नारळ फोडावा. पण त्याच आठवड्यात पाया खणायला घेतला तर दोन संकटे ओढवतात. वैशाखाच्या उन्हात काँक्रीटचे पाणी उडून जाते, आणि काम रेंगाळले की उघड्या चरांत मृगाचे पाणी भरून काळी माती फुगते. भूमिपूजन अक्षय्य तृतीयेला आणि खोदकाम दसऱ्यानंतर, असा क्रम ठेवल्यास शास्त्रही राहते व पायाही. दिवाळीपासून होळीपर्यंतचे चार महिने आपल्याकडे बांधकामास सर्वोत्तम. स्लॅबवर पाण्याची आळी करून तिला किमान सात ते दहा दिवस ओले ठेवावे लागते. माघात ते जमते, चैत्रात जमत नाही.

आता उन्हाकडे वळू. अकोला सुमारे पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, आणि पुढे जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे कललेला असतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे जवळजवळ निम्म्या उंचीवर उतरतो. या एका गोष्टीतून घराची दिशा ठरते. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडतच नाही, आणि थंडीत तेच ऊन हवेहवेसे असते. म्हणून दक्षिणेची खिडकी दोन फुटांचा छज्जा देऊन बिनधास्त ठेवावी. उत्तरेची तर ठेवावीच. वैरी आहे ती पश्चिम. दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आदळते, आणि ते इतके खाली उतरलेले असते की छज्जा त्याला अडवू शकत नाही. पूर्वेचे ऊनही तिरपेच, पण सकाळी भिंत व हवा दोन्ही गार असतात. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे पश्चिमेकडे अरुंद बाजू येते. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीघर अशा खोल्या घ्याव्यात, ज्यांत माणूस दुपार काढत नाही. त्या खोल्या मग ढालीचे काम करतात.

वास्तुशास्त्र मानणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. पूर्वेचे दार, ईशान्येचे देवघर, हे सर्व उन्हाच्या हिशेबात बसते. अडचण एकच आहे. कर्त्या पुरुषाची शयनगृहाची खोली नैर्ऋत्येस असावी, असा आग्रह धरतात, आणि वऱ्हाडात उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरातील सर्वांत तापलेला कोपरा तोच असतो. आग्रह सोडवत नसेल तर त्या कोपऱ्याला बाहेरून ओसरी द्यावी, अथवा तेथील भिंत जाड घ्यावी. नाही तर कर्ता पुरुष नैर्ऋत्येस निजतो आणि वातानुकूलन यंत्राचे बिल ईशान्येच्या देवापुढे ठेवतो.

जुन्या घरांचा या ठिकाणी कोणी तरी दाखला देतोच. ‘आमच्या आजोबांच्या धाब्याच्या घरात पंख्याशिवाय झोप लागत असे’ हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे, आणि ते खरे आहे. दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी कड्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, लहान खिडक्या, मध्ये चौक. दिवसाचे ऊन त्या मातीत मुरता मुरता रात्र होई, आणि रात्रीच्या गार हवेने भिंती पुन्हा निवत. वर्ध्याजवळ सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, १९३६ साली महात्मा गांधींसाठी झोपडी बांधायची ठरली तेव्हा पाचशे रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि सामान जवळपासचेच वापरावे, अशी त्यांची अट होती. मीराबेनच्या देखरेखीखाली तेथे माती, बांबू, लाकूड आणि कौले यांनी घरे उभी राहिली. ती आजही पाहावयास मिळतात. भर उन्हाळ्यात त्यांत पाऊल टाकल्यावर जो थंडावा जाणवतो तो कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक शिकवतो.

परंतु त्या जुन्या घराचे गुणगान करताना एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. ते घर बिनखर्चाचे नव्हते. त्याचा खर्च रुपयांत दिसत नसे एवढेच. दर आठवड्याला शेणाचे सारवण, दर दिवाळीला पोतेरा, दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती, गळक्या जागी रात्री घमेले, कड्यांना लागलेली वाळवी. हे सारे कोणाच्या हातांवर चालत असे? आपल्या आज्या-पणज्यांच्या. ज्या घरात सून व मुलगी नोकरीला जातात, त्या घरात ती राहणी परत आणू म्हणणे हा अन्याय आहे. जुन्या घराकडून त्याचा थंडावा घ्यावा, त्याची वेठ घेऊ नये. आमच्या मते आजच्या गृहबांधणीपुढचे काम नेमके हेच आहे.

त्या दृष्टीने झालेले प्रयत्नही आपल्या विदर्भात आहेत. डॉ. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली वर्ध्यास ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. तेथे कुंभाराने केलेली शंकूच्या आकाराची पोकळ कौले एकात एक बसवून कमानीचे छप्पर उभारण्याची रीत वापरली जाते. त्यात लाकूडही लागत नाही व सळईही. पोकळ कौलातील हवा उष्णता अडवते. केरळात लॉरी बेकर यांनी, ज्यांना १९९० साली पद्मश्री मिळाली, साध्या विटेतूनच पोकळ भिंत बांधण्याची पद्धत रुजवली. वीट आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी ठेवतात, त्यामुळे नऊ इंचांच्या भिंतीत मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिस्सा वाचतात आणि भिंत उन्हाला अधिक दाद देत नाही. आपल्याकडील गवंडी प्रथम नाक मुरडतो. त्याला चार फूट भिंत नमुना म्हणून बांधायला लावावी, मग हात बसतो. कोपरे, खिडकीचा तळ व माथा मात्र भरीव ठेवावेत.

सर्वांना ही रीत पसंत पडेल असे नाही. पण एक नियम सर्वांसाठी आहे. बाहेरची भिंत, विशेषतः पश्चिमेची, चार-पाच इंचांची कधीही घेऊ नये. काँक्रीटच्या खांबांचा सांगाडा उभा केला की भिंत केवळ पडदा आहे असे समजून ठेकेदार चार इंचांत काम उरकतात, आणि खोलीला सहा इंच जागा वाढली म्हणून मालकही खूश होतो. ती सहा इंच जागा पुढे तीस वर्षे विजेच्या बिलात फेडावी लागते. वजनाला हलके असे एएसी ब्लॉक उष्णता विटेपेक्षा बरेच कमी वाहून नेतात. ते परवडत असतील तर पश्चिमेस अवश्य वापरावेत. गिलाव्यात मात्र जाळी लावून काळजी घ्यावी, नाही तर केसासारख्या भेगा पडतात. राखेच्या विटांविषयीही विचारले जाते. आपल्याच जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे राख दूरची नाही. तिच्या विटा सारख्या आकाराच्या येतात, गिलावा कमी लागतो आणि शेताची माती भट्टीत जात नाही. थंडाव्यात मात्र त्या भाजलेल्या विटेहून फार सरस आहेत असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

भिंतीपेक्षाही मोठा प्रश्न छताचा. सूर्य डोक्यावर असताना सर्वाधिक ऊन झेलतो तो स्लॅब. पाच इंचांचे काँक्रीट दिवसभर तापते आणि रात्री खालच्या खोलीत ती उष्णता ओतीत राहते. म्हणूनच रात्री दहा वाजता बाहेर वारा गार होतो, पण वरच्या खोलीचा पंखा गरम हवाच फिरवतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिच्यात छतातून उष्णता शिरण्याच्या मापाला १.२ ही कमाल मर्यादा घातली आहे. नुसत्या स्लॅबचे माप त्याच्या अडीच पटींहून अधिक भरते. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या गच्च्या त्या कसोटीला उतरणार नाहीत. उपाय अवघड नाही. स्लॅबवर जलरोधक थर, त्यावर एक ते दोन इंचांचे घट्ट फोमचे पत्रे, त्यावर उताराचा कोबा आणि सर्वांत वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझेक. हे नव्या घरात स्लॅबबरोबरच करावे.

ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी निराश होऊ नये. त्यांच्यासाठी चुना आहे. फाल्गुनात गच्ची स्वच्छ धुऊन तिला चिकटद्रव्य मिसळलेल्या चुन्याचे अथवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन आत घेण्याआधीच परतवतो. हा काही गावठी तोडगा नव्हे. २०१० सालच्या उन्हाळ्यात अहमदाबादेत माणसे दगावल्यानंतर तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. चुना दर वर्षी पावसाने धुपतो, हा त्याचा दोष. पण एका रविवारी घरातील मुले हे काम हसत-खेळत करू शकतात, आणि त्याचा खर्च वातानुकूलन यंत्राच्या एका महिन्याच्या बिलाहून कमी येतो.

कूलर हा तर वऱ्हाडाचा कुलदेव. वाळ्याच्या ताट्या गेल्या, पण तत्त्व तेच राहिले. कोरड्या हवेत पाणी उडते आणि गारवा येतो. कूलर लावून खिडक्या बंद करणारी मंडळी पाहिली की आम्हांस आश्चर्य वाटते. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साचतो आणि चिकचिक होते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी हवी, आणि भिंतीत उंचावर झरोका हवा. नव्या घरांतून झरोके नाहीसे झाले, ही मोठीच हानी आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवस व पहाट यांच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास अंतर पडते. सकाळी आठपासून घर बंद ठेवावे, पडदे सोडावेत, आणि रात्री नऊनंतर झरोके-खिडक्या उघडून भिंती निववाव्यात. ही जुनीच रीत आहे. चोराच्या भीतीने ती मोडली असेल तर खिडकीला जाळी व गज बसवावेत.

स्वयंपाकघराविषयी पुरुषांच्या सभेत कोणी बोलत नाही, म्हणून आज मुद्दाम बोलतो. दुपारी साडेअकराला पंचेचाळीस अंशांत शेगडीपुढे उभी राहते ती गृहिणी. तिच्या खोलीला आपण घरातील सर्वांत लहान खिडकी देतो. स्वयंपाकघरास समोरासमोर दोन उघड्या बाजू, ओट्याच्या वर धूर व वाफ खेचणारा पंखा आणि शक्य असेल तर उत्तरेचा वा पूर्वेचा उजेड, हे दिवाणखान्याच्या झुंबरापूर्वी द्यावे.

घर एवढे थंड झाले म्हणजे मग विजेचा विचार करावा, आधी नव्हे. पारसच्या धुराड्यातून आपल्या एकेक युनिटमागे सुमारे अर्धा-पाऊण किलो कोळसा जळतो. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा तीसच्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ऐंशी युनिटे वाचतात. विजेचे दर वापराच्या टप्प्यांनी चढत जातात, म्हणून ही ऐंशी युनिटे सर्वांत महागड्या टप्प्यातून वजा होतात, हे ध्यानात घ्यावे. त्यानंतर सौर पत्रे. एक किलोवॉटला गच्चीवर सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. २०२४ सालच्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली’ योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला तीस हजार रुपये आणि तीन किलोवॉट व त्यापुढे एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठेवले आहे. वापर आधी कमी केलेल्या घरास दोन किलोवॉट पुरतात, तापणाऱ्या घरास पाचही कमी पडतात. शिवाय पत्र्यांची सावली स्लॅबवर पडते, हा वेगळा लाभ. ते थोडे उंच बसवावेत, म्हणजे खालून वारा खेळतो व गच्चीही वापरता येते. धूळ पुसण्याचे काम कोणाचे, हे मात्र घरात आधीच ठरवावे.

गच्चीवरील पावसाचेही असेच. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आपल्याकडील सातशे-आठशे मिलिमीटर पावसात वाया जाणारे वगळून पन्नास हजार लिटर पाणी सहज मिळते. खारपाणपट्ट्यात ते जमिनीत सोडले तर खालच्या खाऱ्यात मिसळते, म्हणून जेवढे साठवता येईल तेवढे टाकीतच साठवावे. टाकी जोत्यापासून दूर व गळतीविरहित हवी, नाही तर पायाजवळ आपणच तळे केल्यासारखे होईल.

पैसा कोठून आणावा, असे आपण विचाराल. आम्ही कोणाचेही अंदाजपत्रक वाढवू इच्छीत नाही, फक्त खर्चाचा क्रम बदला म्हणतो. दर्शनी भागाची काच, छताला पीओपीची नक्षी, चकचकीत दगड, हे पाच वर्षांनीही करता येते. पाया, स्लॅबवरील थर, पश्चिमेची भिंत आणि खिडक्यांच्या जागा पुन्हा करता येत नाहीत. मुलीच्या अथवा मुलाच्या सोयरिकीसाठी पाहुणे येतात, म्हणून पुढची बाजू सजवली जाते, हे आम्ही जाणतो. मंडळातील वडीलधाऱ्यांनी स्थळ पाहायला गेल्यावर घराची काच न पाहता वरच्या मजल्यावर दुपारी अर्धा तास बसून पाहावे. मुलगी नांदायची आहे ती त्या खोलीत.

शेवटी देखभालीची एक बाब. पाण्याचे व सांडपाण्याचे नळ भिंतीत गाडू नयेत. न्हाणीघरे एकावर एक घेऊन नळ बाहेरच्या बाजूने, हात पोचेल असे न्यावेत. काही नळ व विजेच्या नळ्या भिंतीत जाणारच. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी धरून, छायाचित्र काढावे. पायाची खोली, मुरूम कितीवर लागला, सळईची जाडी, पाण्याच्या तपासणीचा कागद, जलरोधक थराची हमी आणि गच्चीला चुना दिल्याची दर वर्षीची तारीख, हे सर्व एका फाइलमध्ये लावून ती घराच्या खरेदीखताबरोबर कपाटात ठेवावी. मुलगा दुसरा मजला चढवू म्हणेल तेव्हा अभियंता पहिली ती फाइल मागेल. आपल्या ज्ञातीतील जे तरुण स्थापत्य अभियंते आज येथे बसले आहेत, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात महिन्यातून एक रविवार सभासदांचे नकाशे पाहून देण्याचे मान्य केले आहे. नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी आणावा, सोबत प्लॉटचा दिशादर्शक आराखडा व बोअरच्या पाण्याची एक बाटली आणावी.